अपवादाचं कलम

मिल्वॉकीच्या दक्षिण भागात काही घरांना पुढून दोन जिने असतात. एक सहा-सात पायऱ्या चढून वरच्या दाराशी जातो, दुसरा तीन-चार पायऱ्या उतरून अर्ध्या तळघरात शिरतो. या घराला तिथे 'पोलिश फ्लॅट' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पोलंडमधून आलेला कामगार आधी एक छोटं लाकडी घर घ्यायचा. चार पैसे गाठीला लागले की ते अख्खं घर जॅक लावून उचलायचं, खाली विटांच्या भिंती चढवायच्या आणि अर्धा जमिनीत, अर्धा उजेडात असा एक मजला काढायचा. तिथे म्हातारे आईवडील राहायचे, नाहीतर भाडेकरू. पुढे ऐपत वाढली तसे दुमजली 'ड्युप्लेक्स' आले. एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू, आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं हे कारखान्यांचं शहर बरंचसं अशाच घरांत राहायचं.

नागरी हक्कांविषयीचा लेख घराच्या बांधणीपासून सुरू करायचं कारण एवढंच, की या शहरातली सगळ्यात मोठी लढाई, कृष्णवर्णीयांना हवं तिथे घर मिळावं ही, याच घराच्या उंबऱ्याशी येऊन अडली होती. कायदा झाला होता. त्यात एक अपवाद होता, आणि त्या अपवादात शहरातली बहुतेक घरं आरामात मावत होती.

दक्षिणेत, अलाबामात, मिसिसिपीत 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या. पाटीचा फोटो काढता येतो, पाटीखाली ठाण मांडून अटक करून घेता येते, पाटी एक दिवस उतरवताही येते. मिल्वॉकीत पाटी नव्हती. बसमध्ये कुठेही बसा, मतदान करा, कुणी कायद्याने अडवणार नाही. या मतदानाच्या हक्काची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८४९ साली विस्कॉन्सिनात कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क द्यावा का, यावर जनमत घेतलं गेलं. बाजूने ५,२६५ मतं पडली, विरोधात ४,०७५. म्हणजे हक्क मिळाला? नाही. त्या दिवशी इतर पदांसाठी जेवढ्या लोकांनी मतदान केलं, त्या सगळ्यांचं बहुमत या प्रश्नाला मिळालेलं नाही, असा हिशेब मोजणाऱ्यांनी लावला आणि विषय मिटवला. १८६५ मध्ये इझिकील गिलेस्पी हा मिल्वॉकीतला कृष्णवर्णीय माणूस मत द्यायला गेला, त्याला परत पाठवलं, तो कोर्टात गेला. १८६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तो हक्क १८४९ सालीच मिळालेला होता. सतरा वर्षं हक्क कागदावर होता आणि तो आहे हेच मान्य नव्हतं. या शहराची नाडी त्या खटल्यात सापडते. इथे माणसाला अडवलं जातं ते दांडक्याने कमी, कागद कसा वाचायचा या कौशल्याने जास्त.

शिकागो, डेट्रॉइटच्या मानाने कृष्णवर्णीय माणसं मिल्वॉकीला उशिरा आली. १९४० मध्ये शहरात त्यांची संख्या नऊ हजारांच्या आत होती. १९५० मध्ये ती २१,७७२ झाली, १९६० मध्ये ६२,४५८, आणि १९७० मध्ये लाखाच्या वर गेली. आधी कामं मिळाली ती ओतकामाच्या भट्टीवर आणि चामड्याच्या कारखान्यांत, म्हणजे जिथे उष्णता आणि वास सोसायला दुसरं कुणी राजी नव्हतं तिथे. वस्ती मात्र शहराच्या मधल्या, उत्तरेकडच्या एका तुकड्यातच वाढत राहिली. १९४० ते १९६० या वीस वर्षांत माणसं सात पट झाली आणि रस्ते तेवढेच. या तुकड्याला सरकारी अहवालात 'इनर कोअर' असं नाव पडलं. माणसं वॉलनट स्ट्रीटच्या परिसराला ब्राँझव्हिल म्हणायची. तिथे दुकानं होती, जॅझची ठिकाणं होती, चर्चं होती. साठीच्या दशकात त्यावरून महामार्ग गेला आणि झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली आजूबाजूचंही साफ झालं. हजारो घरं पडली. ज्यांची पडली त्यांना शहराच्या इतर भागांत घर मिळत नव्हतं, म्हणून ती उरलेल्या तुकड्यात आणखी दाटीने राहू लागली.

घर का मिळत नव्हतं? याचं उत्तर खरेदीखतात आहे. १९१९ साली वॉवटोसा या लगतच्या उपनगरात वॉशिंग्टन हायलँड्स नावाची वसाहत आखली गेली. तिच्या अटींत असं होतं, की ही जमीन गोऱ्या वंशाखेरीज कुणीही विकत घेऊ नये, भाड्याने घेऊ नये, तिथे राहू नये. आणि पुढे लगेच खुलासा: घरकामाच्या नोकरांना ही बंदी लागू नाही. म्हणजे कृष्णवर्णीय बाई त्या घरात रात्री झोपू शकत होती, पण दुसऱ्याचं पोर सांभाळायला. अशा अटी काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, जवळपास सगळ्या उपनगरांत होत्या. त्या जमिनीला चिकटलेल्या असत. पहिला मालक मेला, चौथा आला, तरी अट कायम.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात निकाल दिला, की अशा अटी कोर्टामार्फत बजावता येणार नाहीत. हा खटलाही मिडवेस्टमधलाच, सेंट लुईसचा. निकालात एक बारकावा होता. अट लिहिणं बेकायदा ठरलं नाही, कोर्टाने ती अमलात आणणं तेवढं बेकायदा ठरलं. मग काम दलालांनी, बँकांनी आणि शेजाऱ्यांनी केलं. तीसच्या दशकात एका सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले होते. सर्वांत सुरक्षित वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि जिथे पैसे घालणं धोक्याचं ती लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती लाल. त्याच काळात गृहकर्जांना हमी देणारं केंद्रीय खातं आपल्या नियमपुस्तिकेत वर्णाच्या अटी असलेली खरेदीखतं चांगली मानत होतं. लाल भागात कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घर पडकं, घर पडकं म्हणून नकाशातला लाल रंग बरोबर. आपलं म्हणणं आपणच खरं करून दाखवणारा असा सोयीचा नकाशा क्वचित कुणी काढला असेल.

१९५६ मध्ये वेल फिलिप्स महापालिकेच्या सभागृहात निवडून आल्या. त्या सभागृहात बसलेली ती पहिली बाई आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून १९५१ मध्ये पदवी घेतलेल्या. मार्च १९६२ मध्ये त्यांनी घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण पाहायला बंदी करणारा ठराव मांडला. मतं पडली १८ विरुद्ध १. ते एक मत त्यांचंच. पुन्हा मांडला, पुन्हा १८ विरुद्ध १. १९६७ पर्यंत असं चार वेळा झालं. त्या अठरांत कृष्णवर्णीय मतदारांवर निवडून आलेलेही होते, हे विसरू नये.

शाळांची आघाडी लॉइड बार्बी या वकिलांनी सांभाळली. शाळामंडळाचं म्हणणं असं, की आम्ही वर्ण पाहतच नाही, मूल ज्या वस्तीत राहतं तिथल्या शाळेत जातं, आता वस्त्याच वेगळ्या आहेत त्याला आम्ही काय करणार? ऐकायला निरागस. पण वस्ती फुगली तशी कृष्णवर्णीयांच्या शाळांत जागा पुरेना. मग मुलांना बसने गोऱ्यांच्या शाळेत नेऊ लागले. नेण्याची पद्धत अशी: सकाळी मुलं आपल्या शाळेत यायची, हजेरी व्हायची, अख्खा वर्ग आपल्या शिक्षिकेसकट बसमध्ये बसायचा. पलीकडच्या शाळेत त्यांना वेगळी खोली. तिथल्या मुलांत मिसळायचं नाही. दुपारी जेवायला पुन्हा बसने आपल्या शाळेत, जेवून परत तिकडे, संध्याकाळी पुन्हा इकडे. म्हणजे दिवसाला चार फेऱ्या, त्यातल्या दोन निव्वळ डब्यासाठी, कारण त्या शाळेच्या जेवणघरात बाकी मुलांबरोबर बसवायचं नव्हतं. याला 'इंटॅक्ट बसिंग' म्हणत, म्हणजे वर्ग अख्खाच्या अख्खा, न फोडता नेणं. शाळा वस्तीप्रमाणे, असं म्हणणारं मंडळ मुलांना वस्तीबाहेर नेत होतं आणि तरीही वस्ती त्यांच्याबरोबर पाठवत होतं.

बार्बींच्या समितीने १८ मे १९६४ रोजी, शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाला दहा वर्षं झाली त्या सुमाराला, शाळांवर बहिष्कार पुकारला. हजारो मुलं शाळेत गेली नाहीत. ती रस्त्यावर भटकू नयेत म्हणून चर्चांत 'फ्रीडम स्कूल' भरवल्या आणि तिथे त्यांना कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला. पुढच्या वर्षी माणसं हात धरून बसच्या आडवी उभी राहिली. १९६५ मध्येच बार्बींनी खटला घातला. निकाल लागला जानेवारी १९७६ मध्ये. खटला घातला तेव्हा पहिलीत असलेलं मूल निकालाच्या वेळी बारावीच्या उंबऱ्यावर होतं. फायली वर्षानुवर्षं बहुतांशी एकट्या बार्बींनी ओढल्या. मोर्चांचे फोटो निघतात, खटल्यांचे निघत नाहीत. म्हणून फिलिप्स आणि मोर्चे लोकांना आठवतात, बार्बी त्या मानाने कमी.

३० जुलै १९६७ च्या रात्री शहरात दंगल उसळली. डेट्रॉइट नुकतंच जळालं होतं. महापौर हेन्री मायर यांनी नॅशनल गार्ड बोलावलं आणि अख्ख्या शहरावर चोवीस तासांचा कर्फ्यू लावला. माणसं मेली, शेकड्यांनी अटका झाल्या. दंगलीनंतर आता काही दिवस गप्प बसावं, असं सगळ्याच शहाण्यांना वाटत होतं. एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युवा शाखेतल्या पोरांना तसं वाटलं नाही. त्यांचे सल्लागार होते फादर जेम्स ग्रोपी, सेंट बोनिफेस चर्चचे पाद्री. इटालियन वाण्याच्या बारा मुलांतले अकरावे, आणि वाढलेले दक्षिण भागात, म्हणजे ज्या लोकांविरुद्ध मोर्चा काढायचा त्यांच्यातच.

शहराच्या मधून मेनोमनी नदीची दरी जाते. खाली रेल्वेचे रूळ, कारखाने, चामड्याचा वास. उत्तरेला कृष्णवर्णीय, दक्षिणेला पोलिश आणि इतर गोरे कामगार. मधे सोळाव्या रस्त्याचा पूल, सुमारे अर्ध्या मैलाचा. शहरात एक विनोद प्रचलित होता: जगातला सगळ्यात लांब पूल कुठला? सोळाव्या रस्त्याचा, कारण तो आफ्रिकेला पोलंडशी जोडतो.

२८ ऑगस्ट १९६७. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध मोर्चाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. फिलिप्स यांनी मांडलेल्या घरांच्या कायद्याची मागणी घेऊन दोनेकशे माणसं पूल ओलांडून निघाली. जायचं होतं कॉशियुस्को पार्कला. पुलावरून मोर्चा नेणं हे एरवीच्या रस्त्यावरून नेण्यापेक्षा वेगळं असतं. रस्त्यावर गल्ल्या असतात, दुकानांच्या आडोशाला शिरता येतं. पुलावर दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली दरी. पुढे जायचं किंवा मागे, तिसरी वाट नाही. आणि पूल संपतो तिथे काय वाढून ठेवलंय हे मधे पोचेपर्यंत कळत नाही. त्या दिवशी पलीकडे हजारोंचा जमाव उभा होता. दगड, बाटल्या, शिव्या. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, जमाव १३,००० च्या घरात गेला. त्या रात्री मोर्चेकरी परतले आणि युवा शाखेचं कार्यालय, ज्याला ते 'फ्रीडम हाउस' म्हणायचे, ते जळालं. पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने आग लागली असं पोरांचं म्हणणं, कुणीतरी आगीचा बाँब टाकला असं पोलिसांचं. महापौरांनी रात्रीच्या मोर्चांवर बंदी घातली, बंदी मोडली गेली, ग्रोपींसह अनेकांना अटक झाली. मोर्चे थांबले नाहीत.

जाता जाता त्या पार्कविषयी. टाडेउश कॉशियुस्को हा पोलिश सेनानी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. १७९८ साली त्याने मृत्युपत्र करून ठेवलं, की अमेरिकेतल्या आपल्या पैशातून गुलामांना विकत घेऊन मुक्त करावं आणि त्यांना शिक्षण द्यावं. मृत्युपत्र थॉमस जेफरसनच्या हवाली केलं होतं, ते अमलात आलं नाही. त्याचा घोड्यावरचा पुतळा त्या पार्कात उभा आहे. त्याच्याच नावाचा अभिमान बाळगणारा जमाव कृष्णवर्णीय पोरांना त्याच्या पार्कात येऊ देत नव्हता.

मोर्चाची रचना पक्की होती. बायका, मुलं आणि नवखे मधे. बाहेरून 'कमांडो' नावाचं तरुण पोरांचं पथक, १९६६ मध्ये उभं केलेलं. त्यांनी शस्त्र बाळगायचं नाही, आपण होऊन हात उचलायचा नाही, पण मोर्चावर कुणी चालून आलं तर अंगावर घ्यायचं आणि माणूस परतवायचा. मार खात बसू नये, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. दक्षिणेतल्या अहिंसेच्या शिस्तीपेक्षा ही वेगळी शिस्त, आणि त्यावरून टीकाही झाली. पण पुलाच्या त्या टोकाशी उभं राहिल्याशिवाय टीका करणं सोपं आहे.

सुरुवातीच्या गर्दीनंतर खरी कसोटी लागली. वर्तमानपत्रवाले निघून गेले, थंडी आली. सरोवरावरून येणारं जानेवारीचं वारं त्या उघड्या पुलावर कसं लागत असेल याची कल्पना करावी. आकडा शेकड्यांवरून कधी कधी मूठभरांवर आला. रोज पूलच ओलांडला असंही नाही. कधी महापालिका, कधी बाजारपेठ, कधी दुसरी वस्ती. डिसेंबरात 'ब्लॅक ख्रिसमस' पाळला, रोषणाई नाही, खरेदी नाही. एकही दिवस खाडा करायचा नाही, हे एवढंच पाळलं. २८ ऑगस्टपासून १४ मार्च १९६८ पर्यंत मोजा, बरोबर २०० दिवस भरतात. फेब्रुवारी २९ चा होता, नाहीतर एक दिवस कमी पडला असता.

आणि आता तो अपवाद. विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये घरांतल्या भेदभावाविरुद्ध कायदा केलेला होता. त्यातून मालक स्वतः राहतो अशी छोटी घरं वगळली होती. कारण वाचायला समंजस वाटतं: माणसाने आपल्याच छपराखाली कुणाला घ्यावं हे सरकारने सांगू नये. पण ज्या शहरात मालक खाली आणि भाडेकरू वर हाच रिवाज, तिथे हा अपवाद म्हणजेच नियम झाला. पोलिश फ्लॅट बाहेर, ड्युप्लेक्स बाहेर. उरल्या काय त्या मोठ्या इमारती, आणि तशा इमारती शहरात होत्याच किती? डिसेंबर १९६७ मध्ये, मोर्चे चालू असताना, सभागृहाने अखेर एक ठराव केला. तो राज्याच्या कायद्याची नक्कल होता, अपवादांसकट. पाच वर्षं एकटीने बाजूने मत देणाऱ्या फिलिप्स यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. आपल्याच मागणीच्या नावाने आलेल्या कागदाला नाही म्हणायला कागद शेवटपर्यंत वाचलेला असावा लागतो.

मायर यांचा युक्तिवाद वेगळा होता. कायदा फक्त शहरापुरता केला तर गोरे उठून उपनगरांत जातील, म्हणून करायचा तर सगळ्या काउंटीसाठी करा. यात तथ्य अजिबात नव्हतं असं म्हणता येत नाही. उपनगरं स्वतंत्र होती आणि गोरी होती. पण 'सगळ्यांनी एकदम करावं' हे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ११ एप्रिलला केंद्राचा घरांविषयीचा कायदा सही होऊन आला. त्यातही अपवाद होताच: मालक राहतो अशी चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत सुटलेली. त्याच महिन्यात मिल्वॉकीत निवडणूक होऊन सभागृहात नवे चेहरे आले होते. ३० एप्रिलला शहराने आपला कायदा केला, आणि तो केंद्राच्या कायद्याहून कडक होता, कारण त्यात अपवाद कमी होते. दोनशे दिवसांच्या चालण्याची कमाई म्हणून एक गोष्ट दाखवायची तर ती हीच. इतरत्र जे सुटलं त्यातलं काही इथे कायद्याच्या कक्षेत आलं.

कायद्याने भाषा बदलली, भेदभावाची तऱ्हा बदलली. 'तुम्हाला देणार नाही' असं आता कुणी म्हणत नाही, 'आत्ताच गेलं हो घर' असं म्हणतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. फोनवर आडनाव विचारलं जातं आणि मग 'विचार करून कळवतो' येतं, ते आपण जाणतो. मिल्वॉकीत १९७७ पासून एक संस्था अशा तक्रारी तपासते. पद्धत ठरलेली: एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा परीक्षक घ्यायचा, पगार, कुटुंब, नोकरी सारखी दाखवायची, किंबहुना कृष्णवर्णीयाची किंचित सरस. थोड्या अंतराने दोघांना त्याच घरासाठी पाठवायचं. दोघांनी एकमेकांशी न बोलता लगेच लिहून काढायचं: कुठली खोली दाखवली, भाडं किती सांगितलं, अनामत किती, कधी रिकामी होणार म्हणाले. मग दोन कागद शेजारी ठेवायचे. घाई केली की हे फसतं. दोन भेटींत जास्त दिवस गेले तर घर खरंच गेलेलं असू शकतं, आणि परीक्षकाने स्वतःहून प्रश्न सुचवला तर पुरावा कोर्टात टिकत नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की खोटी माहिती दिली गेलेला परीक्षक स्वतः दावा करू शकतो, मग त्याला घर घ्यायचं असो वा नसो.

तरीही महानगर म्हणून मिल्वॉकी अमेरिकेतल्या वर्णाप्रमाणे सर्वांत विभागलेल्या शहरांत आजही मोजलं जातं. कायदा आला तोवर कारखान्यांची चलती संपत आली होती. घर घ्यायला मोकळीक मिळाली आणि त्यासाठी लागणारी नोकरी त्याच दशकांत गेली.

ग्रोपींनी १९७६ मध्ये धर्मसेवा सोडली, मग ते मिल्वॉकीत सार्वजनिक बस चालवायचे आणि बसचालकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. १९८५ मध्ये गेले. १९८८ मध्ये त्या पुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. वेल फिलिप्स १९७८ मध्ये राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट पदावर निवडून आल्या, २०१८ मध्ये गेल्या, आणि २०२४ मध्ये मॅडिसनला राज्याच्या विधानभवनाच्या आवारात त्यांचा पुतळा बसला.

खरेदीखतं मात्र जागच्या जागी आहेत. विद्यापीठातल्या एका प्रकल्पात स्वयंसेवकांनी काउंटीच्या जुन्या दस्तांची स्कॅन केलेली पानं एकेक करून वाचली आणि नकाशावर ठिपके मांडले गेले. पान बहुतेक कंटाळवाणं असतं. घर रस्त्यापासून किती फूट आत हवं, किमान किती डॉलर खर्चाचं हवं, आवारात काय बांधायचं नाही. त्यातच, त्याच टायपात, त्याच क्रमांकांच्या रांगेत ते कलम येतं. गोऱ्या वंशाखेरीज कुणी नाही. स्वल्पविराम. घरकामाचे नोकर सोडून.